प्रलयाचं पुस्तक आणि आम्ही चौघं

वाचनालय चालवणाऱ्याकडे दोन गोष्टी साचतात, धूळ आणि किस्से. धूळ मी रोज सकाळी झटकते. किस्से झटकून जात नाहीत. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आमचे काही सभासद बदली होऊन गोंदियाला गेले आणि जाताना आमची पुस्तकंही घेऊन गेले. त्यांचे किस्से मात्र भंडाऱ्यातच राहिले, माझ्याकडे.

आज सांगते ते सगळे एकाच पुस्तकाचे आहेत. कुणीतरी देणगीत दिलेल्या गठ्ठ्यात ते आलं. पाचशेच्या वर पानं, मुखपृष्ठावर काळा पडत चाललेला सूर्य, लेखकाचं नाव कुणी ऐकलेलं नाही. आत विज्ञान होतं, देवी होती, यंत्रं होती आणि जगाचा अंत होता. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला 'प्रलयाचं पुस्तक' म्हणायचो.

आम्ही म्हणजे रविवारी सकाळी वाचनालयात जमणारे चौघं. मी, वनिता, वाचनालयाची सगळीच कामं करणारी. बोरकर सर, फिजिक्सचे निवृत्त शिक्षक. कापगतेभाऊ, साकोलीजवळच्या एकोडीचे धान पिकवणारे शेतकरी, दर रविवारी एसटीनं येणारे. आणि परातेकाका, नदीकडच्या वस्तीत हातमागावर लुगडी विणणारे. प्रत एकच होती, म्हणून पाळी लावली. पहिली पाळी कापगतेभाऊंची निघाली.

*

पुढच्या रविवारी कापगतेभाऊ आले ते पुस्तक टेबलावर आपटूनच बसले.

"ताई, या पुस्तकापायी मी मागच्या खेपेले घरी पोचलोच नाही."

झालं असं की परतीच्या एसटीत त्यांनी पहिलं पान उघडलं. लाखनी गेली, साकोली गेली, यांना पत्ता नाही. कंडक्टरनं खांद्याला हात लावला तेव्हा गाडी देवरीच्या रस्त्याला लागली होती.

"कंडक्टर म्हणे, तुमाले तं साकोलीले उतरायचं होतं. मी म्हणलं, दादा, समुद्र चढून राहिला होता, कसा उतरू?"

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणे, पुढचं तिकीट काढा."

एवढं गुंतून वाचलेलं पुस्तक आवडलंच असेल असं मला वाटलं. कापगतेभाऊंनी नाही म्हणून मान हलवली. कादंबरीत शहाणी माणसं धान्याचं बी पोलादी तिजोरीत शंभर वर्षं जपून ठेवतात, जग संपल्यावर पेरायला. भाऊंचा राग त्या तिजोरीवर होता.

"दोन साल जुनं धानाचं बी आणून द्या या लेखकाले. म्हणा, याचे परे टाकून रोपं काढून दाखव. अर्धं उगवलं तं मी मिशी काढतो. आन् हा शंभर वर्षाच्या गोष्टी सांगून राहिला."

त्यांनी पुस्तक पुन्हा उचलून चाळलं. मग म्हणाले, "पर तो समुद्राचा भाग लय भारी लिहिला हाय."

*

दुसरी पाळी माझी. माझंही तसंच झालं.

पहिली शंभर पानं मी श्वास रोखून वाचली. सूर्याला काहीतरी होतं, उजेड हळूहळू राखेसारखा होतो. पृथ्वीचं चुंबकत्व जातं आणि पक्षी उडायचं सोडून रस्त्यानं चालायला लागतात. लोक कामावर जाताहेत, शाळा भरताहेत आणि कडेनं बगळ्यांची रांग चालली आहे. ते पान वाचल्यावर सकाळी चहा ठेवताना मी खिडकीतून पाहिलं. चिमण्या तारेवर बसल्या होत्या. एक उडेपर्यंत मी तिथंच उभी राहिले, आणि चहा उतू गेला.

नंतर अणुभट्टीतून एक चकाकणारी देवी बाहेर येते आणि समीकरणांचे मंत्र म्हणते. तिथून पुढं मला हसू आवरेना. चांगल्या स्वयंपाकात कुणी मुठीनं मीठ टाकावं तसं झालं. तरी मी सोडलं नाही, शेवटच्या पानापर्यंत गेले. आवडलं का म्हणून विचाराल तर नाही म्हणेन. कुणी माझ्या हातातून ते काढून घेतलं असतं तर भांडले असते.

रविवारच्या आमच्या कट्ट्यावर मी पक्ष्यांचा भाग वाचून दाखवला. बोरकर सर लगेच म्हणाले, "चुंबकत्व गेलं तर काही पक्षी वाट चुकतील. पायी कशाला चालतील?"

कापगतेभाऊ म्हणाले, "थकले असतील, सर."



*

तिसरी पाळी सरांची. सर पेन्सिल घेऊन वाचतात. वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये अशी पाटी मीच लावली आहे, पण सरांना सांगणार कोण? त्यांनी माझ्या धाकट्या भावाला दोनदा नापास केलं होतं आणि तिसऱ्यांदा घरी बोलावून शिकवून पास केलं होतं.

पहिल्याच काही प्रकरणांमध्ये एक वर्णन होतं. शहराला पूर येतो, पण नदीकडून येत नाही. तो गटारांतून, मोऱ्यांतून, घरांच्या जमिनीतून वर येतो. समासात सरांनी लिहिलं होतं, 'असंभव. पाणी उताराकडे जाते.' अशा तेवीस टिपा निघाल्या. सरांनी त्या क्रमवार लिहून काढल्या आणि प्रकाशकाच्या पत्त्यावर लेखकाला पत्र पाठवलं.

"उत्तर येणार नाही," सर म्हणाले. "अशी माणसं उत्तर देत नाहीत."

महिन्याभरानं उत्तर आलं. सरांनी कट्ट्यावर पाकीट फोडलं आणि चष्मा पुसत मोठ्यानं वाचायला लागले. चौथ्या ओळीला त्यांचा आवाज खाली आला. पत्र लेखकाच्या बायकोचं होतं.

तिनं लिहिलं होतं की पुस्तक छापून यायच्या आधीच ते गेले. पुस्तकाला आलेलं हे पहिलंच पत्र. 'तुम्ही दाखवलेल्या सगळ्या चुका मी त्यांच्या प्रतीत लाल शाईने उतरवून ठेवल्या आहेत. चूक कुणी दाखवली की त्यांना फार आनंद व्हायचा. तुमच्याशी त्यांचं जमलं असतं.'

सरांनी पत्राची घडी केली, पाकिटात घातली, पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं.

"वनिता, हे पुस्तक मला आणखी आठ दिवस दे," ते म्हणाले. "घाईत काही चांगलं वाचायचं राहून गेलं असेल."

*

मग पुस्तक परातेकाकांकडे गेलं, आणि तिथंच अडकलं.

काकांचा माग खड्ड्याचा. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून काठावर बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा. त्यांच्या पत्नी, आमच्या कमलाकाकू, बाजूला बसून कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. काकांनी वाचायची एक रीत पाडून घेतली होती. धोट्यातली कांडी संपली की काकू नवी लावून देईपर्यंत एक परिच्छेद वाचायचा. पुस्तक बाजूच्या स्टुलावर उघडं.

दोन महिने झाले तरी पुस्तक परत येईना. मी विचारलं, "काका, कुठवर आलं?"

"समुद्र आता गावाबाहेर हाय," काका म्हणाले. "दोन लुगडी झाली की गावात येईल."

आमचं तिघांचं आधीच वाचून झालं होतं, आम्हाला धीर नव्हता. कापगतेभाऊंनी एका रविवारी पुढचं सांगूनच टाकलं. कादंबरीत एक यंत्र माणसं निवडतं. डोंगरातल्या गुहेत बारा जणांनाच जागा असते. डॉक्टर, इंजिनियर, गणिती, शिक्षक, बियाणांचा शास्त्रज्ञ, गायिका, असे बारा.

"म्हणजे सर गेले आत," कापगतेभाऊ म्हणाले. "ताई जातील का नाही, सांगता येत नाही. मी बाहेर. बियाणांचा शास्त्रज्ञ घेतला तं शेतकरी कायले लागते?"

काकांनी बोटांवर मोजत बाराही जणांची नावं पुन्हा विचारून घेतली. मग शांतपणे म्हणाले, "कापड विणणारा नाही घेतला यात."

"नाही."

"किती साल राहिले ते गुहेत?"

"सत्तर."

"सत्तर सालात अंगावरचं फाटलं नसेल का?"

सरांनी वही उघडली आणि चूक क्रमांक चोवीस लिहून घेतली. ती त्यांनी पाठवली नाही.

*

पूर आला तो रविवारीच.

आमच्याकडे पाऊस थांबून दीड दिवस झाला होता. चांगलं ऊन पडलं होतं. पाऊस झाला होता वर, मध्यप्रदेशात, आणि वैनगंगा ते पाणी घेऊन आली. मी आणि सर सकाळी लवकर वाचनालयात पोचलो होतो. वाचनालय वरच्या मजल्यावर आहे, बाहेरून दगडी जिना. सर वर्तमानपत्र वाचत होते. मी खाली पाहिलं तर रस्त्याच्या कडेची नाली उलटी वाहत होती. नदीकडं जायचं सोडून नदीकडून येत होती. मग समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन म्हणाली, "मोरीतून पाणी वर येऊन राहिलं." बोलताना तिच्या हातात खराटा होता. ती ते पाणी झाडून काढायला निघाली होती.

आवाज काहीच नव्हता. पुस्तकात पाणी गर्जत येतं. इथं लोक ऊन खात ओट्यावर उभे होते आणि पाणी पायरी पायरी चढत होतं.

सरांनी खडू घेतला. जिन्यावर उतरून पाण्याच्या कडेला रेघ मारली आणि शेजारी वेळ लिहिली. दर पंधरा मिनिटांनी एक रेघ. त्यांचा हिशेब होता की सहाव्या पायरीला पाणी थांबेल, आणि तसं त्यांनी रस्त्यावरच्या लोकांना ओरडून सांगितलंही. दोन कुटुंबं त्यांच्या शब्दावर घरातच थांबली. सातवी पायरी बुडाली तेव्हा सर स्वतः छातीभर पाण्यात उतरले आणि त्या दोन्ही घरांतल्या माणसांना हाताला धरून जिन्यावर आणलं. नववीला पाणी थांबलं.

कपडे पिळत ते माझ्याजवळ येऊन बसले.

"वनिता, पुस्तक आलं की ती टीप खोडायची," ते म्हणाले. "असंभव लिहिलेली."

*

परातेकाका आणि काकू आम्हाला तिसऱ्या दिवशी शाळेत सापडले. पूरग्रस्तांना तिथं ठेवलं होतं. सातवी ब च्या वर्गात, फळ्याखाली, दोघं एका सतरंजीवर बसले होते. काकांच्या मांडीवर अर्धवट विणलेलं लुगडं होतं, घडी केलेलं.

"सकाळी मागावर बसलो," काकांनी सांगितलं. "पावडीवर पाय ठेवला तं थंड लागलं. म्हणलं, ओल आली असेल. काठाची एक नक्षी चार बोटं राहिली होती, म्हणून विणत राहिलो. मग घोटे बुडले. गावात कोणाच्याच घरी पाणी नव्हतं तवा माझ्या खड्ड्यात होतं. मले सगळ्यात आधी समजलं, आन् मी कोणाले सांगितलं नाही. मी काठ विणत होतो."

गुडघ्यापर्यंत पाणी आलं तेव्हा काकू ओरडल्या. लुगडं मागावरून काढायचं तर ताणा, म्हणजे मागावर ताणलेलं उभं सूत, कापावा लागतो. चालू ताणा काकांनी उभ्या जन्मात कधी मध्येच कापला नव्हता. विळा हातात घेऊन ते तसेच उभे राहिले.

"माझ्यानं झालं नाही," ते म्हणाले. "इनं कापला."

काकू भिंतीकडं बघत होत्या. "हात आपोआप चालला," एवढंच त्या म्हणाल्या.

तेवढ्यात नुकसानीची यादी करणारा माणूस आला. तरुण होता, दोन दिवस झोपलेला दिसत नव्हता, आणि सगळ्यांशी नीट बोलत होता. नाव, वस्ती, घरात माणसं किती, असं विचारत काकांपाशी पोचला.

"धंदा?"

"विणकर."

त्यानं कागदावर बोट फिरवलं. शेती होतं, दुकान होतं, जनावरं होतं. विणकर काही सापडेना. "काका, 'इतर' मध्ये लिहू का?"

"लिहा," काका म्हणाले. तो पुढं गेल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, "पुस्तकात तं आपण नव्हतोच, ताई. इथं इतर मध्ये तरी हावो."

*

कापगतेभाऊ चौथ्या दिवशी आले, रस्ता सुरू होताच. एकोडीहून पोह्यांचं पोतं डोक्यावर घेऊन. एसटी शहराबाहेरच थांबत होती, तिथून ते पोतं घेऊन चालत आले होते. शाळेत पोहे वाटले, काकांशेजारी बसले, आणि रिकाम्या पोत्याची घडी घालत राहिले.

मग म्हणाले, "भाऊ, पुस्तक गेलं असंल ना पाण्यात?"

"वर टांडावर होतं, छताखालच्या फळीवर," काका म्हणाले. "टांड वाचला."

"जाऊ द्या. तुमी काय आता ते वाचता."

"साठ पानं राहिली," काका म्हणाले.

*

पाणी उतरल्यावर चिखल काढायला महिना गेला. मागाचं लाकूड फुगून वाकडं झालं होतं, फणी गंजली होती. सूत देणाऱ्या व्यापाऱ्यानं दुसरीकडं विणायला दिलं. त्याच्यावर काका रागावले नाहीत. "त्याले गिऱ्हाईक सांभाळायचं हाय," म्हणाले. अर्धवट लुगडं काकूंनी धुऊन पेटीत ठेवलं.

रविवारी काका यायचे, ठरल्या जागी बसायचे. पुस्तकाचं मी विचारत नव्हते. एकदा त्यांनीच सांगितलं, "हात लावला नाही अजून. कांडीच नाही तं वाचू कवा?"

"काका, आता तर दिवसभर वेळ आहे," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर मला कळलं मी काय बोलले. काका हसले. तसं हसू त्यांनी न हसलेलं बरं होतं.

सर त्या दिवशी घरी जाताना जिन्यावर थांबले. पुसट झालेल्या खडूच्या रेघांकडं पाहून म्हणाले, "त्या बाईंना मी पत्र टाकलं आहे. लिहिलं की पुराबाबत तुमचे यजमान बरोबर होते, मी चुकलो. ती लाल शाई तेवढी खोडा."

*

आता हा एकच किस्सा राहिला.

मार्गशीर्षातला रविवार होता. काका कट्ट्यावर आले नाहीत. दोन रविवार असं झालं म्हणून आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो.

दारात मुरमाचा ढीग होता. एक मिस्त्री घमेलं पालथं घालून त्यावर बसला होता, बिडी विझलेली. कमलाकाकू चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"पोरगा नागपूरवरून फोन करून राहिला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणते, खड्डा भरून घ्या, वरून टाईल्स टाकू, नाहीतर आई एखाद्या दिवशी त्यात पडेल. मिस्त्री सकाळचा आला हाय."

"मग?"

त्यांनी आत बोट दाखवलं.

खोलीत माग नव्हता. चार खुंट्यांच्या जागी चार भोकं उरली होती. काका खड्ड्याच्या काठावर बसले होते, पाय आत सोडून, मांडीवर ते पुस्तक. पुस्तकाला ओल लागून पानं लाटांसारखी झाली होती. ते ओळीखालून बोट सरकवत वाचत होते. मी जवळ गेले तेव्हा पाहिलं, त्यांचे पाय हलत होते. डावा खाली, उजवा वर. उजवा खाली, डावा वर.

आम्हाला पाहून ते म्हणाले, "बसा. चार पानं राहिली."

मिस्त्री उठून आत डोकावला. "भाऊ, मले दुसऱ्या कामावर जायचं हाय."

"थोडं थांब रे," सर म्हणाले. वर्गात म्हणायचे तसंच. मिस्त्री परत घमेल्यावर जाऊन बसला.

आम्हीही खड्ड्याच्या काठाला बसलो. कापगतेभाऊंनी टोपी काढून हातात धरली. काकू चौकट सोडून आत आल्या आणि काकांच्या डाव्या बाजूला, जिथं त्या नेहमी बसत असाव्यात, तिथं जमिनीवर बसल्या. त्यांना वाचता येत नाही. त्या पानाकडं बघत राहिल्या.

शेवटचं पान आलं तेव्हा काकांनी मोठ्यानं वाचलं, अडखळत, एकेक शब्द सुटा करून. त्यात देवी सूर्याला बरं करते. गुहेचं दार उघडतं. शेवटच्या ओळी अशा होत्या: 'नदी आपल्या जागी गेली होती. घरं आपल्या जागी उभी होती. आणि ज्याच्या त्याच्या हाताला ज्याचं त्याचं काम परत मिळालं होतं.'

काका थांबले. पान उलटून पाहिलं, मागं काही आहे का म्हणून. कोरं होतं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात दिलं. पाय थांबले होते. कापगतेभाऊंनी हात दिला, त्याला धरून ते वर उठले.

"कसं वाटलं, पराते?" सरांनी विचारलं.

काकांनी धोतराला लागलेली माती झटकली. थोडा विचार केला.

"लिहिलं चांगलं हाय," ते म्हणाले. "शेवट मले पटला नाही."

मग दाराकडं वळून ते मिस्त्रीला म्हणाले, "भर."